उलट्या पिळाची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वडगावातल्या मागावरच्या घरांतला पहिला बी.ए. मी — हे मात्र न विचारता सगळ्यांना सांगत आलो.

बेचाळीस साली कॉलेजात इतिहासाच्या सरांनी आम्हा चौघांना निवडलं होतं. कागद, शाई, कापड बघून त्यामागचा माणूस ओळखायचा, असा त्यांचा वर्ग. हेच शिकवायला सर सरकारी अधिकाऱ्यांकडंही जायचे. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही. कळत नव्हतं का? — कळत होतं.

एक दिवस सरांनी टेबलावर भूमिगतांच्या पत्रकांचा गठ्ठा ठेवला. जांभळ्या सुतानं बांधलेला. कोपऱ्यात एक अनोळखी गृहस्थ, साध्या कपड्यांत, पण पायांत पोलिसी बूट. बाकीचे तिघे छपाईवर बोलले. मग एकजण हसून म्हणाला, "सूत आहे. आता आमचे मागवाले बी.ए. बोलतील."

ते लागलं मला.

त्या सुतातली गाठ तर मी बघताक्षणी ओळखली होती. तुटलेला धागा सांधताना आमच्याकडं सगळे एकाच बाजूनं पीळ देतात. उलटा देणारे एकटे दाजी, आक्काचे मालक — डावखुरे. मला मागावर न बसवता शाळेत घालणारे तेच.

आणि मी बोललो. वडगावचा विणकर, डावखुरा. नाव तेवढं घेतलं नाही — पण त्यानं काय राहिलं? सर म्हणाले, "वा." एवढ्यासाठी, बघा.

त्याच आठवड्यात दाजींना नेलं. सुटून आले ते मोडलेल्या बोटांनी. पुन्हा मागावर बसले नाहीत.

गल्लीनं संशय धरला शेजारच्या रंगाऱ्यावर, कारण दाजींना नेताना पोलिसांनी दाखवलेलं सूत त्यानं रंगवलेलं. त्याच्याकडं कुणी काम टाकेना, कुणी बोलेना. शेवटी बायकापोरं घेऊन तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत मजुरीला गेला. त्याची गाडी भरत होती तेव्हा मी दारातच उभा होतो.

स्वराज्य आलं. नव्या गुप्तवार्ता खात्यातली माणसं तयार करायला सरांना दिल्लीला बोलावलं, आणि सरांनी मला बरोबर घेतलं. पुढं तिथं मी ही गाठच शिकवली — कशी ओळखली ते. कुणाची, ते नाही.

दिल्लीला निघायच्या दिवशी भाकरी बांधता बांधता आक्का म्हणाली, "रंगारी तसला वाटत न्हाय रं मला. त्यानंच सांगितलं असंल व्हय?"

मी म्हटलं, "त्यानंच, आक्का."