गाडीची खांदमळणी

मी बैलजोडी विकून गाडी घेतली, आणि त्या दिवसापासून बा माझ्याशी बोलेनासा झाला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आमचा बंजाऱ्यांचा तांडा दिग्रसच्या बाजूला. गाडी म्हणजे लढाईनंतर सरकारनं भंगारात काढलेल्या डिस्पोजलच्या मालातली एक लहानशी, जुनाट मालगाडी. पुढं दोघांपुरती जागा आणि मागं कोण्या सुतारानं ठोकलेली लाकडी पेटी. तांड्यातली माणसं तिला डबा म्हणायची. मला राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात?

बा रागावला असता, काठी घेऊन अंगावर आला असता तरी मी सोसलं असतं. तो नुसता गप्प झाला. मला काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोला म्हणायचा, ‘सांग त्याले.’ मी दोन हातांवर बसलेलो असायचो. बाजाराला तो पायी जायचा. वाटेत मी त्याच्याजवळ गाडी थांबवली, तर खाली शेतात उतरून बांधाबांधानं चालू लागायचा. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरलेले. त्या लदेणीच्या गोष्टी बानं त्याच्या आज्याच्या तोंडून ऐकलेल्या. बैल विकणारा पोरगा आपल्या पोटी निघाला, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

गाडी चालणं पोटासाठी गरजेचं होतंच. दिग्रसच्या एका सेठाचा माल मी पुसदच्या बाजाराला पोचवायचो. एक बाजार चुकला तर तो दुसरा गाडीवाला बघायला मोकळा होता. पण खरं सांगायचं तर मला बा त्या गाडीत बसायला हवा होता. एकदा माझ्या शेजारी बसावा, आणि काहीही बोलावं, शिव्या दिल्या तरी चालतील. बाकी सगळं मी त्याच्यासाठी सहन करत होतो.

आणि सहन करण्याजोगं पुष्कळ होतं. गाडी नीट करणारा मिस्त्री यवतमाळला. तिथवर गाडी न्यायची तर ती आधी चालायला हवी, आणि चालत असती तर मी तिथं कशाला गेलो असतो? म्हणून सगळं मीच करायचो. शिकवायला कोणी नव्हतं. एक नट उघडायचा, आत काय आहे ते बघायचं, उघडलं त्याच क्रमानं पोत्यावर मांडायचं आणि देवाचं नाव घेऊन परत बसवायचं. एखादा तुकडा हटकून उरायचा. पंख्याचा पट्टा तुटला की बैलाच्या जुन्या जोताचं चामडं शिवून लावायचो. पेट्रोलची टाकी पाझरली की कपड्याचा साबण चोळायचो. माझी नखं काळी ती काळीच राहिली. बायको म्हणायची, ‘भाकरीले तरी घासलेटचा वास नको आणू.’ आज एक भोक बुजवलं की उद्या दुसरं. मी चाकाला लाथा घालायचो, शिव्या द्यायचो आणि मग त्याच चाकाशी टेकून बसायचो. कित्येकदा रडलोही. लाज कशाची? नाकी नऊ आले होते.

त्या पावसाळ्यात रेडिएटर गळू लागला. कथलाचा डाग द्यायला दिग्रसला कोणी मिळेना. गाडीवाल्यांची एक युक्ती मी ऐकून होतो: पाण्यात हळद टाकायची. हळद फुगून बारीक भोकांत बसते आणि गळती थांबते. बायकोकडून मूठभर हळद घेऊन मी रेडिएटरमध्ये ओतली. बा ओट्यावर बसून बघत होता. गळती थांबली. तेव्हा तो बायकोला म्हणाला, ‘हळद लागते म्हन तिले?’

‘हो बा. दुखलं खुपलं तर लागते,’ ती हसून बोलली.

दुसऱ्या दिवशी बा ओट्यावरून उतरला आणि गाडीभोवती एक फेरी मारून गेला. मी पेटीखाली उताणा पडलो होतो. मला त्याचे पाय तेवढे दिसले. मी श्वास रोखून पडून राहिलो.

पोळा तोंडावर आला. सेठाचा निरोप होता की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मिठाची पोती पुसदला पोचायला हवीत. ब्रेक मात्र नावापुरते राहिले होते. मागचे तर कधीच गेलेले, हातब्रेकची तार तुटलेली. पुढच्या दोन चाकांवर सगळी भिस्त, आणि त्यांतलंही एक ब्रेकचं तेल गाळत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी विटांवर चढवली, पुढची दोन्ही चाकं काढली, ड्रम काढले. आत अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांवर लायनर बसवलेला असतो. पाय दाबला की तो लायनर ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. एवढंच ते यंत्र, आणि ते सगळं कोरडं असावं लागतं. मी दोन्हीकडचे लायनर घासून पुसून कोरडे केले आणि आतली रबराची वाटी आणायला सायकलवर दिग्रसला गेलो.

ज्यांच्याकडं बैल आहेत ते त्या संध्याकाळी खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि बैलाला म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या संध्याकाळी तांड्यात घरोघरी वाट्या निघाल्या होत्या. आमच्या गोठ्यात नुसता खुंटा.

मी परतलो तेव्हा दिवस मावळला होता. बायको दारातच उभी. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

‘बानं गाडीची खांद मळली,’ ती म्हणाली. ‘मले तूप मागतलं, हळद मागतली. गाडीले आवतन देल्लं.’

मी धावत गेलो. टपावर हळदीची पाच बोटं, टायरांवर बोटं, दिव्यांच्या काचांवर बोटं. मी त्या बोटांवर हात ठेवून उभा राहिलो. माझे डोळे भरून आले. बा घरात पाठ करून झोपला होता, की झोपल्याचं सोंग करत होता, कोण जाणे.

अंधारून येत होतं. ब्रेकच्या तेलानं माखलेल्या हातांनी मी चाचपून वाटी बसवली, ड्रम चढवले. बायको आत बसून पायानं दाबायची आणि मी खालून हवा काढायचो. ‘दाब. सोड. दाब.’ पेडल घट्ट लागलं. चाकं लावली. अंगणात गाडी हातभर पुढं घेतली, थांबली. त्या दिवशी मला सगळं जग थांबवता आलं असतं.

पोळ्याच्या दिवशी गाडी हलवली नाही. आवतण दिलेल्या जनावराला त्या दिवशी जुंपत नाहीत. बायकोनं टपावर पुरणपोळी ठेवली. बानं ते पाहिलं आणि मान हलवली.

करीला सकाळी मी दिग्रसहून मीठ भरून तांड्यावर आलो, जेवायला. निघताना बा गाडीपाशी उभा होता. घरात आम्ही गोरबोली बोलायचो. इथं वाचणाऱ्याला समजावं म्हणून वऱ्हाडीत लिहितो.

‘काय भरलं?’ त्यानं विचारलं. मलाच विचारलं.

‘मीठ, बा. पुसदले नेतो.’

‘मीठ?’ त्यानं पोत्यावर हात फिरवला. ‘मंग हे तं आपलंच काम हाय.’ आणि दार उघडून माझ्या शेजारी बसला.

मी काय सांगू? वर्षभर ज्याच्यासाठी चिखलात लोळलो, ते माझ्या शेजारी पागोटं सावरत बसलं होतं. बा बोलत सुटला. त्याचा आजा मीठ लादून कुठल्या वाटेनं यायचा, कोणत्या ओढ्यावर उतरायचा, ओझ्याखाली बैलाची पाठ कशी जपायची. मी वळणावर हळू करायला पाय लावला तेव्हा ब्रेक किंचित मऊ लागला. वाटीत थोडी हवा राहिली असेल, असं वाटलं. बा हसून म्हणाला, ‘चांगला चालते हो तुहा बयल.’ मीही हसलो.

पुसदच्या अलीकडे एक लांब उतार लागतो. डाव्या हाताला मुरमाची दरड, उजव्या हाताला खोल दरा. वरून निघताना मी दोनदा ब्रेक दाबला. तिसऱ्यांदा पेडल घट्ट होतं, पाय टेकत होता, पण गाडी थांबत नव्हती. चाकाला जणू कोणी धरतच नव्हतं. मागं मिठाचं वजन. मी गिअर खाली पाडायला गेलो, तो करकरला आणि पडेना.

‘बा, घट्ट धर!’ मी ओरडलो.

बानं समोरच्या पत्र्यावर दोन्ही हात टेकले आणि बैलाला आवरतात तसा मोठ्यानं ‘हो ऽऽ, हो ऽऽ’ करू लागला. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. मी गाडी डावीकडं दरडीवर घातली. पत्रा घासत गेला, पुढचं चाक रस्त्याकडेच्या चारीत उतरलं, गाडी कलली आणि पेटी फुटली.

आम्ही वाचलो. बाच्या कपाळाला खोक पडली होती, मला मुका मार. पण चारीत पावसाचं पाणी वाहत होतं आणि फुटलेल्या पोत्यांतलं मीठ त्यात पडत होतं. पडत होतं आणि दिसेनासं होत होतं. बा रक्त पुसायचं सोडून चारीत उतरला आणि ओंजळीनं मीठ उपसू लागला. मीठ पायदळी जाऊ देऊ नये, ही त्याची शिकवण. ओंजळ वर काढावी तो तिच्यात गढूळ पाणी. मी त्याला दंडाला धरून वर ओढला.

‘राहू दे, बा. गेलं ते.’

‘बुजलं जनावर,’ तो धापा टाकत म्हणाला. ‘बुजते कधी कधी. तू तिले मारू नको.’

सेठानं काम दुसऱ्याला दिलं. त्यात नवल नव्हतं. तांड्यातल्या दोन बैलजोड्या लावून गाडी घरी ओढून आणली. बा जखमेला पट्टी बांधून तिच्या बाजूनं चालत आला आणि उंचवटा आला की पेटीला खांदा लावत होता. मी मेल्याहून मेलो होतो. पण एक गोष्ट माझ्या हातात राहिली होती. बा माझ्याशी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी ड्रम उघडले. आतून पिवळा ओघळ आला. लायनर उतारावर तापून पाघळलेल्या तुपानं चिंब, आणि कडेला हळदीची दाट पिवळी रेघ. दोन्ही चाकांत तेच. उघड्या चाकात बाला तीच जागा खांद्यासारखी वाटली असणार. घासून घासून झिजलेली, वर्षभर सगळा भार घेतलेली. त्यानं तिथंच जास्त मायेनं चोळलं होतं. त्याला कसं कळावं, की गाडीच्या सगळ्या अंगात तेवढीच जागा कोरडी राहावी लागते?

बा ओट्यावरून म्हणाला, ‘कायनं झालं रे?’

‘तेलाची नळी फुटली,’ मी पाठ न वळवता बोललो. त्याला सांगायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

नवे लायनर कुठून आणू? तेल प्यालेला लायनर जाळून कोरडा करतात, हे मला माहीत होतं. मी घरामागं गेलो, काटक्या पेटवल्या, त्यावर पट्ट्या ठेवल्या. तूप चरचरू लागलं, धूर निघाला. आणि तो वास! आमच्यात देवाला भोग देतात तो निखाऱ्यावर तूप सोडून देतात. हुबेहूब तोच वास वाऱ्यानं तांडाभर गेला. शेजारची म्हातारी हाक मारून विचारू लागली, भोग कोणाचा आहे म्हणून. मी गडबडीनं माती टाकायला लागलो.

तेवढ्यात बा आला. भोगाला येतात तसा, पायांतली वहाण काढून, पागोटं नीट करून, हात जोडून. तो विस्तवापुढं वाकलासुद्धा. मग त्याचं लक्ष पट्ट्यांकडं गेलं. कडेची हळद अजून जळायची होती.

तो आणखी वाकून ती पिवळी रेघ निरखू लागला. बैलाचा दात पाहून वय सांगणारा माणूस. त्याच्यापुढं माझी नळी किती वेळ टिकणार?

‘माह्या हातानं झालं,’ तो म्हणाला.

‘नाही बा. नळी...’

‘खोटं नको बोलू. काहून नाही सांगतलं मले?’

माझा बांध फुटला. ‘कसं सांगू? तू वर्सभर बोलला नव्हता माह्यासंग. त्या गाडीले हात लावला तुनं. मी सांगतलं असतं, तं तू पुन्हा गप बसला असता.’

बानं जोडलेले हात सोडले. खाली बसला, काटकीनं एक पट्टी उलटी केली आणि दुसरी बाजू नीट जळू दिली. सगळ्या पट्ट्या कोरड्या ठाक होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

‘थांबन ना आता गाडी?’ त्यानं विचारलं.

‘थांबन, बा.’

‘मंग तू एकटाच जात जा,’ तो म्हणाला आणि उठून वहाणा शोधू लागला.

त्यानंतर बा माझ्याशी रोज बोलला, पीकपाण्याचं, घरचं, सगळं. मला दुसरं काम मिळालं, गाडी पुन्हा रस्त्याला लागली. ती होती तोवर माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, आणि मी गाडी काढताना बा अंगणात असला तर दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहायचा.