गाव कोणतं तुमचं?

परवा बीडला मंडप उभारताना नव्या कनातीच्या कापडाचा उग्र वास आला आणि केजचा दुष्काळातला सामुदायिक विवाह आठवला. दूध संस्थेनं ठेवलेला तो विवाह म्हणजे मी अंगावर घेतलेलं मंडपाचं आणि पाण्याचं पहिलं काम. वऱ्हाडं आली होती, चुली पेटल्या होत्या, पण पाण्याच्या टँकरचा पत्ता नव्हता. मला रडू फुटायचं बाकी होतं.

संस्थेच्या अध्यक्ष सुमनकाकूंनी रस्त्यानं जाणारा एक टँकर हात करून थांबवला. आता पाणी मागतील, असं मला वाटलं. त्यांनी चालकाला विचारलं, "भाऊ, गाव कोणतं तुमचं?"

"तलवाडा."

"आगं बया! तिथं आपली माणसं हायती की."

मग पाऊसपाणी, लेकरंबाळं अशा गप्पा झाल्या. शेवटी तोच म्हणाला, "हे पाणी दुसऱ्या गावाचं हाय, काकू. पण माझ्या मेव्हण्याचा टँकर धाडतो."

मेव्हणा आला, पंगती उठल्या. जाताना त्यानं पुतणीच्या लग्नाचा मंडप मलाच सांगितला. माझं दुसरं काम ते.

संध्याकाळी मी कुतूहलानं विचारलं, "काकू, तलवाड्यात तुमचं कोण असतं?"

"सकाळपर्यंत कुणीच नव्हतं," काकू हसल्या. "आता त्यो हाय."