ओरिनच्या डाव्या खांद्याची बंदूक

माझ्या बहिणीचा नवरा ओरिन हा कुठलीही गोष्ट पटकन करणाऱ्यांतला नव्हता. कुंपणाचा साधा खांब रोवायचा, तरी आधी लांब जाऊन डोळा बारीक करून बघणार, परत येणार, पुन्हा जाणार. मोंटानातल्या आमच्या या वाऱ्याच्या गावात असल्या माणसाची टिंगल होते, तशी त्याचीही भरपूर झाली, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे होते. मी जन्मभर शाळेची बस चालवली. मला वेळेवर निघणारी माणसं आवडतात. आता तो गेल्याला दुसरा हिवाळा लागलाय, आणि कॉफीच्या टेबलावर टिंगल करण्यासारखं कोणी उरलेलं नाही. त्याची आठवण फार येते.

ओरिनला एक बंदूक करायची होती. विकत घ्यायची नव्हे, करायची. नळी एका कारागिराकडून, काडतूस आत-बाहेर करणारा बोल्ट दुसऱ्याकडून, आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता स्वतःच्या हाताने कोरून. तीही साधीसुधी नाही, बायसनला, म्हणजे आमच्याकडच्या रानगव्याला, आडवा करील अशी, मोठ्या गोळीची. बायसनच्या शिकारीचा परवाना आमच्याकडे सोडतीत निघतो. ओरिन दर वर्षी नाव घालायचा आणि दर वर्षी ते निघायचं नाही.

माझी बहीण आर्लिस त्याला म्हणायची, "एल्कसारखं मोठं हरीण मारायला जुनी बंदूक पुरते की तुला. ही तोफ कोणावर डागणार आहेस?"

"जन्मात एकच करायची आहे ना," तो म्हणायचा, "मग लहान कशाला करू?"

पण खरं कारण गोळीच्या आकारात नव्हतं. लहानपणी वडिलांबरोबर काटेरी तार ताणताना ती तुटून उसळली आणि ओरिनचा उजवा डोळा गेला. तो लिहायचा उजव्या हाताने, जेवायचा उजव्या हाताने, हातोडाही उजव्यातच धरायचा. फक्त बंदूक डाव्या खांद्याला लावायचा, कारण नेम धरायला डावाच डोळा उरला होता. वडिलांची बंदूक मात्र उजव्या खांद्याच्या माणसासाठी केलेली. प्रत्येक गोळीनंतर त्याला हात वरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढावा लागायचा, आणि तोवर एल्क झाडीत पसार. दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून सगळं आयुष्य काढावं, तसं त्याचं झालं होतं. एकदा तरी आपल्या मापाचा मिळावा, एवढीच त्याची हौस होती.

त्या हौसेपायी त्याने वर्षानुवर्षं नुसता विचार केला. पाईनच्या फळीचे कच्चे दस्ते करायचा आणि एकेक घेऊन स्वयंपाकघरात यायचा. डाव्या खांद्याला लावून खिडकीबाहेरच्या टाकीवर नेम धरायचा. आर्लिस हातातलं पीठ झटकून शिवणाची टेप काढायची आणि त्याच्या कोपरापासून बोटापर्यंत माप घ्यायची. "हललास तर पुन्हा मोजणार नाही," असं दटावायची, आणि पुन्हा मोजायची. शेवटी एक दस्ता मनासारखा जमला. डाव्या बाजूचा बोल्ट आला, नळी आली. आता खरं लाकूड कोरायला घ्यायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात वासरं होण्याच्या दिवसांत तो गोठ्यात कोसळला. हृदयाचे ठोकेच चुकायला लागले होते. शहरातल्या इस्पितळात नेऊन त्याच रात्री छातीत पेसमेकर बसवला, आणि आमचा ओरिन वाचला.

महिन्याभराने तपासणीला मीच त्याला गाडीतून घेऊन गेले. आर्लिस खाली औषधं घेत होती. ओरिनने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो बंदुकीचा. डाव्या खांद्याला मोठ्या गोळीचा दणका आता चालणार नाही, पेसमेकरची आतली तार तुटू शकते, असं ते म्हणाले. मग हे यंत्र उजवीकडे का नाही बसवलं, असं ओरिनने विचारलं. डॉक्टरांनी कागद पाहिले. आमच्या भागात हे आधी विचारूनच घेतात, आणि ज्या खांद्याला बंदूक लावतात तो सोडून दुसऱ्या बाजूला बसवतात. ओरिन शुद्धीवर नव्हता, म्हणून नर्सने बायकोला विचारलं होतं. बायकोने उजवा सांगितला होता, म्हणून यंत्र डावीकडे बसलं. आता नुसत्या बंदुकीसाठी पुन्हा छाती उघडणं, या वयात, डॉक्टरांना पसंत नव्हतं.

बाहेर आल्यावर ओरिन बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "उजवा की डावा, एवढंच विचारलं असेल त्या बाईने. आर्लिसच्या डोळ्यांपुढे माझा जेवणाचा हात आला असेल. तिला यातलं काही कळता कामा नये, जोनेल."

मी मान हलवली. त्याने आर्लिसला सांगितलं की हृदय डावीकडे असतं म्हणून हे यंत्र सगळ्यांना डावीकडेच बसवतात. तिला ते पटलं. बंदुकीचा विषय मात्र त्याने काढलाच नाही. तिने काढला तर म्हणायचा, मन उडालं आता, कोण कोरत बसतंय.

आर्लिसला ते सहन होईना. तिला वाटलं, आजाराने माणूस खचला. त्याला उठवायचं म्हणून ती टोचून बोलायला लागली. इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि आता वेळच वेळ आहे तर खुर्ची सोडत नाहीस, असा आळशी नवरा कुणाला नको, असं चारचौघांत म्हणायची. गावातले लोक हसायचे. ओरिनही हसायचा. मला ते बघवायचं नाही. एकदा मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले, आणि चारचौघांतून तोंड पाडून उठले म्हणून आर्लिस माझ्यावरच रागावली.

पुढे तिने एक बेत केला. माझ्या पोटात काही राहत नाही, असा तिचा समज, म्हणून मलाही सांगितलं नाही. बंदुकीचं सामान शेडच्या ज्या कोपऱ्यात होतं, तिकडे ओरिन फिरकतही नव्हता. तिने नळी, बोल्ट, लाकूड आणि तो पाईनचा दस्ता उचलून शेजारच्या गावच्या बंदुका करणाऱ्या माणसाला नेऊन दिलं. सप्टेंबरात ओरिनच्या वाढदिवसाला आम्हा दोघांना पिकअपमध्ये घालून कुरणामागच्या टेकडीवर नेलं आणि मागून लांब पेटी काढली.

बंदूक सुंदर होती. मला त्यातलं फार कळत नाही, पण ओरिनचा चेहरा कळत होता. त्याने लाकडावरून हात फिरवला. डाव्या अंगाचा बोल्ट हळूच मागे ओढला, पुढे सरकवला, पुन्हा ओढला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आर्लिसला वाटलं ते आनंदाचं.

"आता मार एक गोळी," ती म्हणाली. "त्या पांढऱ्या दगडावर. मला बघायचंय."

मी बोलायला तोंड उघडलं. ओरिनने माझ्याकडे पाहिलं आणि जराशी मान हलवली, गप्प राहा म्हणून. मग त्याने गोळी भरली आणि बंदूक उचलून उजव्या खांद्याला लावली. दस्ता डाव्या गालासाठी घडवलेला, तो उजव्या गालाला लागेना. गेलेला डोळा नेमावर ठेवून त्याने चाप ओढला. टेकडी दणाणली, दगडापासून कितीतरी लांब माती उडाली, आणि तो धडपडत दोन पावलं मागे आला.

"वा," तो म्हणाला, "काय बंदूक आहे."

आर्लिस हसत नव्हती. "उजव्याला का लावलीस?"

"गंमत म्हणून."

"ओरिन, उजव्याला का लावलीस?"

त्याने बंदूक खाली केली. आर्लिस त्याच्या छातीच्या डाव्या बाजूकडे बघत राहिली, जिथे सदऱ्याखाली त्या यंत्राचा उंचवटा होता. मग ती पिकअपच्या मागच्या फळीवर बसली.

"त्या नर्सने मला बंदुकीचा खांदा विचारला होता," ती म्हणाली. "मी उजवा म्हणाले."

"तू घाबरली होतीस."

"तुला ठाऊक होतं?"

ओरिनने बोल्ट ओढून रिकामं काडतूस काढलं आणि खिशात घातलं. "तू घाबरली होतीस, आर्लिस. मी मरत होतो."

"आणि मी तुला आळशी म्हणत राहिले," ती म्हणाली. "सगळ्या गावासमोर. आणि तू हसत राहिलास."

तो तिच्या शेजारी जाऊन बसला. वारा सुटला होता. बंदूक मीच पेटीत ठेवली, कारण त्या दोघांपैकी कोणी तिला हात लावेना.