विटांवरची खुर्ची

खामगावच्या त्या न्हाव्याचं नाव मला आजही माहीत नाही. पण दाढीनंतर तो गिऱ्हाइकाची मान अशी मोडायचा, की कडाका जलंब स्टेशनात ऐकू जाई आणि गाडी सुटली समजून लोक पळत सुटत.

यंदा गेलो तर खुर्चीखाली विटांची चळत. मी इतका उंच बसलो की पंख्यानंच माझा भांग पाडला. न्हाव्याला आता वाकता येत नव्हतं. तो ऑटोत बसलेला असताना टेम्पोनं मागून ठोकलं आणि मानेला हिसका बसला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, पण ठणक्यानं रात्रभर झोप नाही. सकाळी त्यानं धाकट्या भावाला सांगितलं, "मोड बे माही मान, मोकळी होईन." भाऊही न्हावीच. त्यानं मोडली.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, ज्याले पहिल्याच दिवशी लय दुखते, झोप लागत नाही, अन् आता बरं होतच नाही असं जो धरून बसते, त्याचं दुखणं लांबते. मले तिन्ही हायेत, दादा. तिसरं तं रोज वाढून राह्यलं."

दाढी झाल्यावर सवयीनं मी मान पुढं केली. त्याचे हात माझ्या डोक्यावर आले आणि तिथंच थांबले.

"होईल बरं," मी म्हणालो. एवढी फुसकी थाप मी जन्मात मारली नव्हती.

त्यानं हात काढून घेतले.

"मान मोडाची असंन तं समोर भावाच्या दुकानात जा," तो म्हणाला. "सारे तिकडंच जातात."