पायाळूची लाथ

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. त्यात आई जवळजवळ गेलीच होती, पण ते वाडीत कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच, की पायाळू माणसाने लाथ मारली की भरलेली उसण जाते. कुणाची पाठ धरली, कमरेत चमक भरली, की तो आमच्या पडवीत येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मी डाव्या पायाने तीन लाथा घालायच्या. त्याने आभार मानायचे नाहीत, मागे वळून बघायचं नाही, सरळ घरी जायचं. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी गावातल्या भल्याभल्यांना लाथा घातल्या आहेत. शाळेतल्या गुरुजींनाही घातल्या. आदल्या दिवशी त्यांनी मला छड्या मारल्या होत्या, म्हणून जोर जरा जास्तच लावला. त्यांना दुसऱ्या दिवशी गुण आला.

लाथ मारायला मला आवडायचं, हे आता लपवून काय करू? आमच्या घरात तोंडाआधी हात चालायचा. काम चुकलं की बाबा हातात असेल त्याने बडवायचे. बाबांचा मार खाऊन आला की दादा मला मारायचा, आणि मला कुणी सापडलं नाही तर मी गुरांवर राग काढायची. पुढे दादा बोटीवर लागला, मी खेडच्या एका शाळेत शिक्षिका झाले. लग्न केलं आणि दोन वर्षांत परत आले. त्या घरात मी मार खाल्ला तसा दिलाही. परत आले तेव्हा आई नव्हती. बाबा, मी आणि माझी तांबडी कुत्री, एवढीच माणसं घरात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी दादा रजेवर आला होता. या खेपेला तो पहिल्यांदाच सारंग म्हणून, खलाशांचा मुख्य म्हणून चढणार होता. अठरा वर्षं दोर ओढल्यावर ते पद मिळत होतं. बारा दिवसांनी मुंबईत त्याची डॉक्टरी तपासणी, आणि त्यानंतर लगेच बोट. घरात दुसरा विषय नव्हता. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बाबा ही गोष्ट सांगायचे.

बोटीवर न्यायला त्याने अंगणात बांगडे सुकत घातले होते. कुत्रीने त्यातले चार-पाच खाल्ले. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर तिचं केकाटणं ऐकून धावले तर दादाने तिला बागेच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडलं होतं आणि वेळूच्या काठीने तो तिला फोडत होता. एक फटका, दुसरा, तिसरा. ती म्हातारी, पळता येत नव्हतं, आडवी पडून पाय वर करत होती. मी काठी धरली. त्याने माझ्या थोबाडीत दिली. अशी दिली, की कानात बराच वेळ नुसता घूं आवाज येत राहिला. तेवढ्यात कुत्री कशीबशी गडग्यावर चढून पलीकडे गेली, आणि तिच्यामागे जायला हाही वर चढला. काठी माझ्या हातात राहिली होती. तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन्ही हातांनी काठी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली.

आमचा गडगा नुसत्या रचलेल्या चिऱ्यांचा. वरचा चिरा सरकला आणि दादा खाली आला. त्याचा उजवा पाय दोन चिऱ्यांच्या मधे अडकला आणि अंग दुसऱ्या बाजूला पडलं. घोट्यातून कट असा आवाज आला. तो मी ऐकला, आणि त्यानेही ऐकला.

त्याने उठायचा प्रयत्न केला. पाय टेकताच ओरडून खाली बसला. आम्ही त्याला पडवीत आणेपर्यंत घोटा बाहेरच्या बाजूने टम्म सुजला होता. आता खरं सांगायचं ते इथे आहे. शाळेत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मीच घेतलं होतं आणि दर वर्षी मुलांना मीच शिकवत होते. पाय मुरगळला की त्याला आराम द्या, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. चोळू नका, ओढू नका. आणि पाय टेकून चार पावलं टाकता येत नसतील, हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, पाय वाकडा दिसत असेल किंवा बोटं बधिर, गार पडत असतील, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. दादाला एक पाऊलसुद्धा टाकता येत नव्हतं.

बाबांना मी म्हटलंही, की खेडला नेऊया. पण ते अर्ध्या मनाने म्हटलं.

"डॉक्टर कशाला?" बाबा म्हणाले. "त्यान् प्लास्टर घातलान् तर बोट गेली. पायाळू हाय ना घरात."

पायाळूची लाथ पाठीला असते, घोट्याला कुणी मारून घेत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण अडला हरी. दादालाही प्लास्टरचीच धास्ती होती. त्याने भिंतीकडे तोंड केलं, पाय माझ्या बाजूला लांब केला आणि म्हणाला, "मार. पण हळू मार."

पहिल्या दोन लाथा मी खरंच हळू मारल्या, नुसता तळवा टेकवला. मग अंगणातून कुत्री आत यायला लागली. मागचा एक पाय ती फरफटत होती, आणि तिच्या तोंडातून फेस येत होता. माझ्या गालावर अजून त्याची बोटं चुरचुरत होती. रिवाजाप्रमाणे दादाचं तोंड भिंतीकडे होतं. मी कशी बघते आहे ते त्याला दिसत नव्हतं. तिसरी लाथ मी टाचेने मारली, पूर्ण जोराने, सुजलेल्या हाडावर. त्या लाथेने मला बरं वाटलं. ते किती वेळ वाटलं म्हणाल, तर एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच.

दादा ओरडला नाही. त्याने भिंतीवर डोकं आपटलं, ओकला आणि बेशुद्ध पडला. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. थोड्या वेळाने बोटं हाताला गार लागली आणि त्यांचा रंग बदलला. मग मात्र मी कुणाला विचारलं नाही. गाडी काढली, बाबांना मागे बसवून दादाचा पाय त्यांच्या मांडीवर दिला. वाटेत तो शुद्धीवर आला आणि प्रत्येक खड्ड्याला त्याने मला, बाबांना आणि रस्ता करणाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या.

खेडच्या डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होत्या. एक्स-रे उजेडात धरून त्यांनी विचारलं, पडल्यावर चार पावलं टाकता आली होती का? बाबांनी मान हलवली. मग त्याच वेळी का नाही आणलंत, म्हणाल्या. पडला तेव्हा हाडाला नुसती चीर गेली असावी, प्लास्टरवर भागलं असतं. आता तुकडा जागचा हलला होता, आत पट्टी आणि स्क्रू घालावे लागणार होते. हे नुसत्या पडण्याने झालेलं नाही, असं म्हणून त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं.

"नंतर या पायाला कुणी काही केलं का?"

बाबा खाली बघत राहिले.

"कुणी काय नाय केला," दादा म्हणाला. "मीच उठायला गेलो."

बोट गेली. पुढच्या वर्षी तो तपासणीला जाऊन आला, पण घोटा पुरता वळत नाही म्हणून त्याला नापास केलं. त्यानंतर तो गेलाच नाही. आता बाग तोच बघतो. चालताना उजवा पाय आधी टेकतो आणि मग जरा थांबतो. आम्ही एका पंगतीला जेवतो, बोलतो, कधी भांडतोही. हात मात्र कुणी उचलत नाही. कुत्री त्या दिवाळीतच गेली. खड्डा त्यानेच खणला, कुबडीवर टेकून. लाथ मारून घ्यायला कुणी आलं तर मी त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवायची. वाडीत म्हणायला लागले, हिचा गुण गेला.

यंदा पाऊस सरल्यावर बाग बेणताना, वाढलेलं गवत कापताना दादाची पाठ धरली. संध्याकाळी बघते, तर हा पडवीत भिंतीकडे तोंड करून उभा. त्याच भिंतीकडे. मी म्हटलं, आधी चार पावलं टाकून दाखव, पायांत मुंग्या येतात का सांग. तो निमूटपणे चार पावलं चालला आणि परत येऊन तसाच उभा राहिला. त्या चार पावलांत माझी टाच मला चार वेळा दिसली.

"ती तिसरी उसणीची नव्हती," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

मी म्हटलं, "नव्हती, दादा."

त्याने दोन्ही हात भिंतीला टेकले आणि म्हणाला, "आता उसणीची मार."

मी डावा पाय उचलला, आणि त्याच्या पाठीला तीनदा टेकवला. तिसऱ्यांदा सर्वांत हळू. तो थोडा वेळ उभा राहिला आणि लंगडत आत गेला. आभार मानायचे नसतात, त्याने मानले नाहीत. मागे वळून बघायचं नसतं, तेही त्याने पाळलं.