वेबसाइटच्या साच्यात

माझा हात तोंडाच्या आधी चालतो. शाळेत चालला, चुलतभावाच्या वरातीत चालला, हिंगोलीच्या एसटी डेपोत बसमधल्या जागेवरून भांडताना एकाची बाही खांद्यापासून उसवून माझ्या मुठीत आली. ती सगळी भांडणं रागाच्या भरात झाली. सरांना मात्र मी वाटभर विचार करून मारलं आणि त्याचीच लाज जास्त वाटते.

सर म्हणजे माझ्या बहिणीचे मार्गदर्शक. हळदीच्या पानाचा फोटो बघून करपा ओळखणारं सॉफ्टवेअर तिने लिहिलं होतं. त्यासाठी दोन हंगाम ती शिरड शहापूरच्या शेतांत घोटाभर चिखलात उभी होती. सरांनी ते वापरून शोधनिबंध छापला. तिला शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत दाखवायचं होतं की आपलं काम आपल्या नावाने कुणीतरी वापरलंय. निबंध उघडला, तर शेवटच्या संदर्भयादीत सॉफ्टवेअरचं नाव होतं, लिंक होती. तिचं नाव नव्हतं.

मुलाखतीला चार दिवस होते.

"चुकून राहिलं असंल," ती म्हणाली. "मी इचारते सरला."

"आपलंच नाव काहून चुकून राहतं?" मी ओरडलो. "चोर हाय तो!"

मी ठामपणे बोलत होतो, कारण मी त्याच धंद्यातला. हिंगोलीतल्या एका ऑफिसात बसून छापायला निघालेल्या शोधनिबंधांना खुणा लावतो. हे आडनाव, हे वर्ष, हे पुस्तक, असं प्रत्येक तुकड्याला यंत्रासाठी सांगून ठेवायचं. खूण असेल तर नाव शोधताना सापडतं. संदर्भ कसा देतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सर प्रयोगशाळेत डबा खात होते. मी कॉलर धरून त्यांना उठवलं आणि पहिला ठोसा तोंडावर दिला. दुसऱ्या ठोशाला समोरचा दात तुटला. पोळीवर रक्त सांडलं. ते हातही उचलत नव्हते, त्याने मला आणखी चेव आला. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा बहीण मागून धावत आली आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली. तो वण अजून आहे.

सर भिंतीला धरून उठले. तोंडाला रुमाल दाबून त्यांनी संगणक उघडला आणि त्यांनी पाठवलेला मूळ निबंध दाखवला. संदर्भयादीत बहिणीचं आडनाव, नाव, सॉफ्टवेअर, आवृत्ती, वर्ष, लिंक, सगळं होतं.

"प्रूफ आलं तेव्हा यादी वाचली नाही," ते बोबडं बोलले. "तेवढी माझी चूक. बाकी मध्ये कुठे गळलं ते बघा."

कुठे गळलं ते मला तिथेच कळलं. त्या मासिकाची कामं आमच्याच ऑफिसात यायची.

सॉफ्टवेअरच्या संदर्भाला स्वतंत्र साचा असतो. तो भरायला वेळ लागतो. म्हणून आमच्या ऑफिसात एक रीत पडली होती, सॉफ्टवेअर दिसलं की वेबसाइटच्या साच्यात ढकला. त्या साच्यात फक्त शीर्षक आणि लिंक. करणाऱ्याच्या नावाला जागाच नाही. मी तर तेही हाताने करत नव्हतो. ज्या ओळीत लिंक आहे पण मासिकाचं नाव नाही ती आपोआप त्या साच्यात टाकणारी, संगणकासाठीची एक छोटी आज्ञा मीच लिहून ठेवली होती. सगळे मला हुशार म्हणायचे.

ऑफिसात जाऊन जुनी फाइल शोधली. आमच्याकडे फायलींना नंबर असतात आणि माझ्याकडे फक्त मागची संदर्भयादी यायची, तीही मी आज्ञेवर सोडून द्यायचो, त्यामुळे कुणाचा निबंध ते आधी कळलं नव्हतं. खाली काम करणाऱ्याच्या जागी माझी आद्याक्षरं. मी कीबोर्ड टेबलावर आपटला, परत आपटला. बटणं फरशीवर उडाली. शेजारच्या टेबलावरची बाई खुर्ची सरकवून उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिला माझी भीती वाटली, आणि खरं सांगतो, मलाही वाटली.

सरांनी सुजलेल्या तोंडाने बसून मासिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. पोलिसात गेले नाहीत, कारण बहीण त्यांच्या घरी जाऊन पाया पडली होती. दुरुस्ती छापली, पण मुलाखत होऊन गेल्यावर. शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली.

साचा, आज्ञा, सगळं मी बहिणीला कबूल केलं. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. एका सकाळी ती भाकरी वाढत असताना मीच म्हणालो, "सरचा दात मी बसवून देतो."

तिने ताट माझ्यापुढे आदळलं. "दात दिसतो तरी, दादा. त्या आज्ञेनं अजून कोणाकोणाचं नाव तोडलं, ते तुला ठावं बी न्हाई."

भाकरी तशीच टाकून मी ऑफिसात गेलो आणि पहिल्या नंबरची फाइल उघडली. संदर्भयादीत एक सॉफ्टवेअर होतं, शीर्षक आणि लिंक. मूळ प्रत काढून पाहिली. कुणा बाईचं नाव होतं.