बाबांचं मशीन चार घरी

आमचे हे मेलेली मशिनं गोळा करतात. नवरा काय करतो असं कुणी विचारलं की मी हेच सांगते, कारण जरा सजवून सांगायला गेलं की समोरच्याला वाटतं इंजिनियर आहे. झाडं कापायचा चेनसॉ असतो ना, पेट्रोलवर चालणारा, कान फोडणारा, तो. बिघडला की लोक दुकानात टाकतात, दुकानदार म्हणतो दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या, लोक नवा घेतात आणि जुना दुकानाच्या मागे धूळ खात पडतो. तिथून तो आमच्याकडे येतो. आधी मागच्या शेडमध्ये, शेड भरली की पडवीत, पडवी भरली की न्हाणीघराच्या दाराशी. एकदा तर एक आख्खा सायलेन्सर माझ्या पिठाच्या डब्यावर सापडला. त्या दिवशी मी जे बोलले ते शेजाऱ्यांना अजून पाठ आहे.

दर आठवड्याला स्कूटर काढायची आणि सगळी दुकानं पालथी घालायची, हा यांचा नेम. डीलर लोक यांना बघून खूश होतात, फुकटात जागा मोकळी होते ना! सगळ्यात मोठ्या डीलरचं भंगार माळ्यावर असतं आणि तिथली माणसं आळशी, जिन्यानं उतरायचं जिवावर येतं. वरूनच फेकतात. म्हणून आमचे हे खाली जुनी गादी अंथरून उभे राहतात आणि ओरडतात, “अहो हळू, जीव आहे त्यात!” गादी कुणाची? माझीच.

मशीन हाती आलं की आधी टाकी उघडून हुंगतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरलेला शहाणा यांना वासावरून कळतो. मग दोरी हळूच ओढून बघतात, सायलेन्सर काढून टॉर्चच्या उजेडात आत डोकावतात. पिस्टनवर ओरखडे नसले की स्वारी गालातल्या गालात हसते. एकदा कोरं करकरीत मशीन मिळालं, ‘कापतच नाही’ म्हणून टाकलेलं. मालकानं चेन उलटी चढवली होती! हे पुढचे दोन दिवस घरभर नुसते खिदळत हिंडत होते. जे जगेल ते जगवायचं, जे जगणार नाही त्याचे भाग काढून दुसऱ्यात बसवायचे आणि तयार झालेलं मशीन ज्याला नवं परवडत नाही त्याला द्यायचं. घर चालतं आमचं त्यावर, तक्रार नाही.

माझे बाबा मात्र या धंद्याला नाक मुरडत आले. बाबा जन्मभर झाडं कापायचे. वादळात रस्त्यावर आडवी झालेली, भिंतीवर कललेली, विजेच्या तारांत अडकलेली, सगळी. त्यांच्याकडे एकच मशीन, मुठीला निळ्या कापडाची पट्टी गुंडाळलेलं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जावयानं तर नाहीच नाही. “भंगारशेठ, लांबूनच बघा,” म्हणायचे. लग्नापासून यांना हेच नाव. मी फणफणायचे आणि हे हसायचे, त्याचा मला आणखी राग यायचा.

गुडघ्यांनी दगा दिला तसे बाबा माझ्या भावाकडे घरी बसले. मशीन खाटेखाली. रोज दुपारी ते बाहेर काढायचं, पुसायचं, सुरू करायचं, थोडा वेळ ऐकायचं आणि परत ठेवायचं. वहिनीचं डोकं उठायचं. खोटं कशाला बोलू, माझंही उठलं असतं. त्यातच डीलरनं टूम काढली, जुनं मशीन आणा, नव्या पाण्याच्या पंपावर सूट घ्या. बाबा डॉक्टरकडे गेलेले बघून वहिनीनं मशीन बाहेर काढलं, साबण लावून घासलं, मळकी पट्टी फेकून दिली आणि नवरीसारखं नटवून दुकानात देऊन आली.

बाबांनी आकाशपाताळ एक केलं. भाऊ धावत दुकानात गेला, पण तोवर मशीन भंगाराबरोबर निघून गेलं होतं. मला यातलं काही कळू दिलं नाही कुणी. बाबाही काही महिने हट्टानं गप्प राहिले. भंगारशेठपुढे शब्द टाकायचा म्हणजे काय खायचं काम आहे? शेवटी एक दिवस पिशवी भरून आमच्या दारात हजर.

“भंगारशेठ,” चप्पलही न काढता म्हणाले, “तुम्ही सगळी दुकानं फिरता. माझं मशीन शोधा.” मग सगळी हकीकत सांगितली. “परत नको मला. मी आता काय कापणार, कपाळ! पण मला न भेटता गेलं हो ते. एकदा आवाज ऐकू दे त्याचा, मग खुशाल मोडीत घाला.”

बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. झाड अंगावर येता येता वाचले तेव्हाही हा माणूस असा बोलला नव्हता. मला गलबलून आलं.

हे मात्र एकदम फॉर्मात. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं! “शोधतो की. खूण काय?”

“क्लचच्या झाकणाला आतून खिळ्यानं चंद्रकोर कोरलीय. चोरीला गेलं तर ओळखावं म्हणून.”

यांचा चेहरा असा पडला की मला काय ते समजलं. पाणी आणण्याच्या निमित्तानं मी यांना स्वयंपाकघरात ओढलं.

“कुठाय मशीन?”

“आहे ना. म्हणजे, चार ठिकाणी आहे.”

“चार ठिकाणी?”

“अगं, माळ्यावरून टाकलं त्यांनी. सांगाड्यालाच तडा गेला, तो गेला भट्टीत वितळायला. बाकीचे भाग चांगले होते, ते मी बसवले इकडेतिकडे. साबणाचा वास येणारं मशीन बाबांचं असेल असं स्वप्नात तरी येईल का? आणि त्या दिवशी गादी तू उन्हात घातली होतीस.”

“म्हणजे आता माझ्यावर!”

बाबांना खरं सांगा म्हटलं तर यांनी वेगळाच उद्योग केला. त्याच बनावटीचं दुसरं मशीन काढलं, त्याला माती चोळली, माझ्या जुन्या ओढणीची निळी पट्टी मुठीला गुंडाळली आणि अंगणात नेऊन सुरू केलं. बाबा खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत राहिले. हे घामाघूम. मी दाराआड.

बाबांनी डोळे उघडले. “छान चालतंय,” म्हणाले. “कुणाचं आहे?”

आमच्या ह्यांनी मशीन बंद केलं, तिथंच मातीत फतकल मारली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं, उठले, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मी विसरले होते. बाबांनी निमूटपणे ताट संपवलं. माझ्या हातच्या भाजीला नाव न ठेवता बाबा जेवले, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

“स्कूटर काढा,” मी ह्यांना म्हटलं.

आमच्या ह्यांना माझा वाढदिवस दरवर्षी मुलीनं सांगावा लागतो, पण कुठला पिस्टन कुणाकडे गेला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पहिल्यांदा वखारवाल्या बाईंकडे गेलो. त्यांच्या मशीनला बाबांचा स्टार्टर, ओढायच्या दोरीसकट. आम्हाला बघूनच त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “दिलेलं परत मागायला आला असाल तर आल्या पावली चालते व्हा.”

“परत नको हो बाई,” मी म्हटलं. “रविवारी सकाळी आमच्या अंगणात आणा आणि एकदा सुरू करा. माझे बाबा रुसलेत.”

“अगोबाई, मग आधी सांगायचं ना!”

बागेची कामं करणाऱ्या माळ्याकडे कार्बुरेटर होता. खोकी बनवणाऱ्याकडे ते चंद्रकोरीचं झाकण. दोघंही हो म्हणाले. सिलिंडर आणि पिस्टन मात्र गेले होते अग्निशमन केंद्रात, रस्त्यावर पडलेली झाडं हटवायच्या मशीनमध्ये. तिथले साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “सरकारी मशीन आहे बाई. बाहेर न्यायचं तर काय कारण सांगू?”

“सासरे रुसलेत,” हे काकुळतीला येऊन म्हणाले.

साहेबांनी जरा विचार केला. त्यांनाही सासरे असावेत. “मशीनची चाचणी घेतोय म्हणू,” म्हणाले.

रविवारी चौघंही आले. बाबांना मी दंडाला धरूनच बाहेर आणलं. “कोण मेलंय?” म्हणत आले आणि अंगणात चार मशिनं बघून थबकले.

“बाबा,” हे म्हणाले, “एकत्र नाही करता येणार आता. पण सगळं चालू आहे. ऐका तुम्ही.”

आधी बाईंनी दोरी ओढली. एका झटक्यात सुरू! “आजोबा, या दोरीनं मला एकदाही दगा दिला नाही,” बाई ओरडून सांगत होत्या. बाबांनी वाकून दोरीच्या टोकाची गाठ चाचपली. गाठ त्यांचीच होती. खोकीवाल्यानं सुरू करायच्या आधी झाकण उघडून आतली चंद्रकोर दाखवली. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि यांच्याकडे एकदा बघितलं. माळ्याचं मशीन सुरू झालं. मग अग्निशमनवाल्यांचं. त्याच्यापाशी बाबा काठी टेकून उभेच राहिले.

“पडलेली झाडं काढता याच्यानं?” त्यांनी साहेबांच्या कानाशी ओरडून विचारलं.

“परवाच काढलं. झाडाखाली रिक्षा अडकली होती. आतली माणसं सुखरूप!”

बाबांनी मान हलवली. ती हलतच राहिली. चारही मशिनं एकदम गरजत होती, अंगण धुरानं भरलं होतं, शेजारीपाजारी कानांत बोटं घालून कुंपणाशी जमले होते, आणि बाबा मध्ये उभे राहून काहीतरी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, पण शब्द मला ऐकू आला नाही. मी विचारलंही नाही नंतर. त्यांचं ते बोलणं झालं त्यांच्या मशीनशी. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं त्यांच्या, आणि माझ्याही. हे तर उघडउघड हुंदके देत होते, आवाजात कुणाला कळणार म्हणून.

मग बाबांनी हात वर केला. मशिनं बंद झाली. कान नुसते गुणगुणत होते. सगळे बाबांकडे बघायला लागले, आता काय म्हणतात म्हणून.

बाबांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि माळ्याकडे वळले. “कार्बुरेटर माझा आहे, पण लावलाय कुठल्या गाढवानं? पेट्रोल जास्त जातंय. आवाज जड येतोय, ऐकू नाही आला?”

“मीच लावलाय,” आमचे हे म्हणाले.

बाबा गुडघे कडकडा वाजवत खाली मातीत बसले. माळ्याचं मशीन त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. मग वर न बघताच हात पुढे केला.

“जावईबापू,” म्हणाले, “स्क्रूड्रायव्हर द्या.”

हे नुसते उभे. लग्नानंतर इतक्या वर्षांनी जावईबापू! घरात ढीगभर स्क्रूड्रायव्हर, पण ह्यांना एक सापडेना, खिसे चाचपतात, शेडमध्ये जातात, हात हलवत परत येतात. शेवटी मीच आत जाऊन घेऊन आले. माझ्या पिठाच्या डब्यावर होता. मी काही बोलले नाही.